सिबिलमध्ये न घेतलेलं कर्ज दिसतंय, काय करावं?

प्रश्न: सिबिल अहवालात (कर्ज-परतफेडीच्या नोंदींचा अहवाल) एका एनबीएफसीचं (बँक नसलेली, कर्ज देणारी वित्त कंपनी) १८,००० रुपयांचं पर्सनल लोन थकीत दिसतंय. मी ते घेतलेलंच नाही. वसुलीवाले म्हणतात, भरा म्हणजे विषय मिटेल. भरू का?

प्रतिसाद १: एक रुपयाही भरू नका! भरलं की कर्ज मान्य केल्यासारखं होतं, आणि तडजोड करून थोडंच भरलं तर अहवालात ‘सेटल्ड’ शेरा वर्षानुवर्षं छळतो. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा: अर्ज, केवायसी, ओटीपीची नोंद आणि पैसे जमा झाले तो खाते क्रमांक मागा. खातं तुमचं नाही, हाच सगळ्यात भक्कम पुरावा. मग १९३० वर किंवा सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवून पोचपावती जपा.

प्रतिसाद २: सिबिलच्या साइटवर त्याच खात्यापुढे डिस्प्यूट (हरकत) टाका, ‘हे खातं माझं नाही’ असं. सिबिल स्वतःहून काही खोडत नाही, कर्जदात्याने दुजोरा दिला तरच नोंद बदलते. म्हणून नुसतं डिस्प्यूट टाकून थांबलं तर ते फेटाळलं जाऊ शकतं. तक्रार निकाली काढायची मुदत ३० दिवसांची, पुढे तुम्हाला दिवसाला १०० रुपये भरपाई. दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

प्रतिसाद ३: सिबिलसारख्याच एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क या कंपन्यांचे अहवालही तपासा, वर्षातून एकदा प्रत्येकाचा अहवाल फुकट मिळतो. ‘एन्क्वायरी’चं पान (तुमचा अहवाल कोणकोणत्या कर्जदात्यांनी मागवला ती यादी) नीट वाचा. तिथे अनोळखी नाव दिसलं तर तुमच्या पॅनवर दुसरीकडेही अर्ज झालेला असू शकतो. आधारचं बायोमेट्रिक आजच लॉक करा.