झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांमुळे प्रतिजैविकाचा प्रभाव खरोखर वाढतो का?

चैत्रपालवी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण आणि प्रतिजैविके एकत्र वापरली तर रोगकारक जीवाणूंवर काय परिणाम होतो, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस पसरवलेल्या अगार प्लेटवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनची डिस्क ठेवल्यावर जो झोन (डिस्कभोवतीचे, जीवाणू न वाढलेले वर्तुळ) मिळतो, तो त्याच डिस्कवर झिंक ऑक्साइडचे नॅनोकण टाकले की काही मिलिमीटरने मोठा होतो. नुसत्या नॅनोकणांच्या डिस्कभोवती मात्र जेमतेम एक पुसट कडा दिसते. टेट्रासायक्लिनच्या बाबतीत नेमके उलटे घडले आणि झोन किंचित लहान झाला.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा प्रभाव झिंक ऑक्साइडमुळे वाढल्याचे निष्कर्ष आहेत. जीवाणू औषध पेशीबाहेर फेकण्यासाठी वापरतात त्या नॉर-ए नावाच्या पंपात नॅनोकण अडथळा आणत असावेत, अशी शक्यताही तेथे मांडली आहे. माझे निरीक्षण त्याच्याशी जुळते, म्हणून ‘सिनर्जी आढळली’, म्हणजे दोन्ही घटक एकमेकांचा प्रभाव वाढवतात, असे अहवालात लिहावे, असे माझ्या सहकाऱ्यांचे मत आहे. मला मात्र खात्री वाटत नाही. एवढ्या पुराव्यावर असे लिहिता येईल का? आणि टेट्रासायक्लिनचे काय झाले असावे?

अन्वय

तुमची शंका रास्त आहे. निव्वळ झोनच्या व्यासावरून सिनर्जीचा निष्कर्ष काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

झोनचा आकार औषध जीवाणूला किती मारते एवढ्यावरच ठरत नाही, तर ते अगारमधून किती दूर झिरपते यावरही ठरतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा रेणू लहान असल्यामुळे तो सहज पसरतो. नॅनोकण मात्र अगारच्या जाळ्यात अडकतात, एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात आणि बहुतांशी डिस्कपाशीच राहतात. नुसत्या नॅनोकणांभोवती तुम्हाला पुसट कडा दिसली, ती कण निष्प्रभ असल्यामुळे दिसली की ते जागचे हललेच नाहीत म्हणून दिसली, हे या पद्धतीत वेगळे करता येत नाही. शिवाय डिस्कवर जास्तीचा द्रव टाकल्यामुळेही औषध अधिक वेगाने बाहेर पडू शकते. तेवढेच पाणी टाकलेली, कण नसलेली डिस्क तुलनेला ठेवली होती का?

यासाठी द्रव माध्यमातील चेकरबोर्ड चाचणी करावी. शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये एका दिशेने औषधाची आणि दुसऱ्या दिशेने नॅनोकणांची मात्रा निम्म्या-निम्म्याने कमी करत न्यायची, आणि कोणत्या जोडीत वाढ थांबते ते पाहायचे. समजा, औषधाची एकट्याची एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी किमान मात्रा, १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे आणि जोडीत ती ०.२५ वर आली, तर औषधाचा अपूर्णांक ०.२५ झाला. नॅनोकणांची एमआयसी २५६ वरून ६४ वर आली, तर त्यांचाही ०.२५. दोन्हींची बेरीज म्हणजे एफआयसी निर्देशांक ०.५ होतो आणि ०.५ किंवा त्याहून कमी निर्देशांकाला सिनर्जी म्हणण्याचा प्रघात आहे. पण तेच नॅनोकण २५६ वरून १२८ वरच थांबले, तर बेरीज ०.७५ होते आणि औषधाची मात्रा चौपटीने कमी झालेली असूनही ती जोडी सिनर्जीत मोडत नाही. ४ पेक्षा अधिक बेरीज म्हणजे दोघे एकमेकांच्या विरोधात काम करत आहेत.

या प्लेटा वाचताना एक अडचण हमखास येते. झिंक ऑक्साइड स्वतःच द्रव पांढुरका करते, त्यामुळे गढूळपणावरून जीवाणूंची वाढ मोजणारे यंत्र कणांनाच जीवाणू समजते. जीवाणू नसलेले, फक्त कण घातलेले खळगे ठेवून तो गढूळपणा वजा करावा. तरीही कण हळूहळू तळाशी बसत असल्यामुळे सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे जुळत नाहीत. म्हणून निवडक खळग्यांतील जीवाणूंची वसाहत-मोजणी करणे मला आवश्यक वाटते. तेथेही नमुन्यासोबत आलेले कण आणि औषध प्लेटवर आपला परिणाम चालू ठेवतात, तेव्हा पुरेसे विरलन करून आणि पेशी धुऊन मगच पसरवावे. वेळेनुसार मृत्युदर पाहणाऱ्या चाचणीत चोवीस तासांनी, दोहोंपैकी जो घटक एकटा अधिक प्रभावी आहे त्याच्या तुलनेत जोडीने जिवंत जीवाणूंची संख्या किमान शंभरपट अधिक घटवली, तर तो पुरावा चेकरबोर्डपेक्षाही भक्कम मानावा.

धातुरंग

मी अकार्बनी रसायनशास्त्राच्या बाजूने लिहितो, कारण टेट्रासायक्लिनच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तेथेच आहे.

झिंक ऑक्साइड पाण्यात पूर्णपणे अविद्राव्य नसते. थोडे झिंक आयन सतत बाहेर पडत राहतात आणि माध्यम आम्लधर्मी झाले की हे प्रमाण झपाट्याने वाढते. टेट्रासायक्लिन धातूंच्या आयनांना घट्ट पकडते. असे बांधले गेलेले औषध जीवाणूच्या पेशीत नीट शिरत नाही आणि चाचणीत त्याचा प्रभाव घटलेला दिसतो. याच कारणाने टेट्रासायक्लिनच्या गोळ्या लोह, झिंक किंवा अँटासिडसोबत घेऊ नयेत, असे रुग्णांना सांगितले जाते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनलाही हाच नियम लागू आहे, हे विसरू नये. त्याच्या रेणूतील कीटो आणि कार्बॉक्सिल गट मिळून धातूचा आयन धरतात. म्हणजे तुमच्या प्रयोगात एकाच वेळी दोन विरुद्ध क्रिया चालू असण्याची शक्यता आहे: एकीकडे नॅनोकण जीवाणूला दुबळे करत आहेत आणि दुसरीकडे तेच कण औषधाचा काही भाग अडकवून ठेवत आहेत. यातले कोणते पारडे जड होईल, हे कणांच्या मात्रेवर, माध्यमाच्या सामूवर आणि औषधावर अवलंबून राहते. वेगवेगळ्या शोधनिबंधांत परस्परविरोधी निष्कर्ष येण्याचे एक मोठे कारण मला हेच दिसते.

नॅनोकण जीवाणूला दुबळे कसे करतात, याचे तीन मार्ग प्रामुख्याने सांगितले जातात. कणांच्या पृष्ठभागावर हायड्रोजन पेरॉक्साइड, सुपरऑक्साइड यांसारखी क्रियाशील ऑक्सिजनची रूपे तयार होऊन ती पेशीतील प्रथिने, मेद आणि डीएनए यांना इजा करतात. बाहेर पडलेले आयन विकरांच्या कामात ढवळाढवळ करतात. आणि कण पेशीला प्रत्यक्ष चिकटून तिच्या पटलाला भेगा पाडतात. उदासीन सामूच्या शुद्ध पाण्यात झिंक ऑक्साइडचा पृष्ठभाग धनप्रभारित आणि जीवाणूंचा ऋणप्रभारित असल्यामुळे हे चिकटणे सोपे जाते. पण पोषक माध्यमात प्रथिने कणांवर थर देतात आणि फॉस्फेट झिंकला बांधून घेते, त्यामुळे पाण्यात दिसलेला परिणाम माध्यमात तसाच दिसेल असे नाही. माध्यमाचे नाव आणि सामू अहवालात न चुकता नोंदवा.

प्रकाशाचीही नोंद हवी. टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज रूपाला क्रियाशील होण्यासाठी सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो. अंधारात त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. झिंक ऑक्साइडचाही प्रभाव प्रकाशात वाढतो. तुमच्या प्लेटा उजेडाच्या टेबलावर किती वेळ होत्या आणि इनक्युबेटरच्या अंधारात किती वेळ, यानेही निकाल बदलू शकतो.

आणखी एक तुलना अनिवार्य समजा. नॅनोकणांतून जेवढे झिंक विरघळते तेवढेच झिंक, झिंक सल्फेटच्या रूपात देऊन तीच चाचणी करा. परिणाम तेवढाच आला, तर श्रेय झिंकचे आहे. कणांच्या आकाराचे नाही.

चैत्रपालवी

दोघांचेही मनापासून आभार. पाण्याची डिस्क मी ठेवली नव्हती, ती आता ठेवेन. चेकरबोर्डसोबत झिंक सल्फेटची तुलनाही आराखड्यात घेते आहे. एक शंका उरते: औषध आणि कण आधी एकत्र करून मग जीवाणूंना द्यावेत, की वेगवेगळे द्यावेत? आणि पुढे जाऊन मला इमिपेनेमसारख्या कार्बापेनेम गटातील प्रतिजैविकांवरही हेच प्रयोग करायचे आहेत. त्यात काही वेगळी काळजी घ्यावी लागेल का?

निरंजनी

कार्बापेनेमचा उल्लेख वाचला म्हणून लिहीत आहे. येथे फार जपून पावले टाकायला हवीत.

एनडीएमसारखी जी विकरे कार्बापेनेम तोडतात, त्यांच्या क्रियास्थळी झिंकचेच आयन असतात. झिंकशिवाय ती विकरे काम करू शकत नाहीत आणि माध्यमात झिंकचे प्रमाण वाढले, तर अशा जीवाणूंची कार्बापेनेमसाठीची एमआयसीही वाढू शकते. अशा जीवाणूंना झिंक ऑक्साइड देणे म्हणजे शत्रूच्या हाती शस्त्र देण्यासारखे ठरू शकते. स्युडोमोनास एरुजिनोसामध्ये गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. झिंकची चाहूल लागताच त्याची सीझेडसी-आर व सीझेडसी-एस या जोडीची नियमनव्यवस्था जागी होते. ती धातू बाहेर फेकणारे पंप वाढवते आणि त्याच वेळी ओपीआर-डी नावाचे पटलातील द्वार कमी करते. इमिपेनेम पेशीत शिरते ते मुख्यतः याच द्वारातून. म्हणजे धातूपासून बचाव करताना जीवाणू औषधापासूनही सुरक्षित होतो.

माझा आग्रह आहे की, प्रभाव वाढवण्याच्या प्रत्येक प्रयोगाच्या बरोबरीने प्रतिरोध वाढतो का, याचीही तपासणी व्हावी. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या नॅनोकणांमुळे ई. कोलायकडून साल्मोनेलाकडे प्रतिरोधाची जनुके वाहून नेणाऱ्या प्लाझ्मिडचे (मुख्य गुणसूत्राहून वेगळ्या, छोट्या डीएनएचे) हस्तांतरण कमाल २०० पटींपर्यंत वाढल्याचे दाखवले गेले. पटलाला भेगा पाडणारी तीच इजा प्लाझ्मिडला वाटही मोकळी करून देते, असा त्याचा अर्थ लावता येतो. पशुपालनातील अनुभवही डोळ्यांआड करता येणार नाही. दूध तोडलेल्या डुकराच्या पिलांना अतिसार होऊ नये म्हणून खाद्यातून औषधी मात्रेत झिंक ऑक्साइड दिले जात असे. युरोपीय संघाने जून २०२२ पासून तो वापर बंद केला. पर्यावरणात साचणारे झिंक आणि प्रतिरोधी जीवाणूंना मिळणारे प्रोत्साहन, ही दोन्ही चिंतेची कारणे होती. डुकरांत आढळणाऱ्या मेथिसिलीन-प्रतिरोधी स्टॅफिलोकॉकसमध्ये झिंक सहन करण्याचे जनुक मेथिसिलीन-प्रतिरोधाच्या जनुकखंडातच बसलेले सापडते. एकाची निवड झाली की दुसऱ्याची आपोआप होते.

२०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट जीवाणूंच्या औषधप्रतिरोधामुळे झाल्याचा अंदाज आहे. प्रश्न इतका गंभीर असताना जुन्या औषधांना नवे बळ देणारा प्रत्येक मार्ग तपासला गेलाच पाहिजे, हे मला मान्य आहे. पण कमी मात्रेत, दीर्घकाळ, पिढ्यान्‌पिढ्या कणांच्या संपर्कात ठेवलेले जीवाणू शेवटी कसे वागतात, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही जोडीला उपाय म्हणू नये.

अन्वय

निरंजनी यांचा मुद्दा योग्य आहे, मात्र त्यावरून हा सगळाच मार्ग बंद आहे असे वाटू नये, म्हणून थोडे लिहितो. रक्तातून सर्व शरीरभर झिंक ऑक्साइड देण्याची कल्पना मलाही व्यवहार्य वाटत नाही. पेशींच्या आम्लधर्मी कप्प्यांत ते विरघळून आपल्याच पेशींना मारते आणि मोठे कण यकृत व प्लीहेत साचतात. पण जखमेवरील पट्टी, कृत्रिम सांध्याचा किंवा कॅथेटरचा लेप, दातांवरील बायोफिल्म अशा ठिकाणी कण जागच्या जागी राहतात आणि मात्रा आपल्या हाती असते. बायोफिल्ममध्ये जीवाणू चिकट थराखाली दडलेले असतात आणि एकटे प्रतिजैविक तेथे सहसा हतबल ठरते, त्यामुळे खरी गरजही तेथेच आहे.

लोह ऑक्साइड मला या दृष्टीने अधिक आश्वासक वाटते. फेरुमॉक्सिटॉल हे लोह ऑक्साइडच्या नॅनोकणांचे औषध अमेरिकेत २००९ पासून लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयावर शिरेतून दिले जाते. आम्लधर्मी परिस्थितीत हे कण पेरॉक्सिडेज विकरासारखे वागतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडपासून अतिक्रियाशील रूपे तयार करतात. दात किडवणारे जीवाणू स्वतःच आपला परिसर आम्ल करत असल्यामुळे क्रिया नेमकी तेथेच होते. दातांवरील बायोफिल्मवर या दिशेने प्रयोग झालेले आहेत. चुंबकाच्या साहाय्याने असे कण बायोफिल्मच्या आत ओढून औषधाला वाट करून देण्याचेही प्रयत्न चालू आहेत. प्रकल्पात दुसरे ऑक्साइड घेण्याची मुभा असेल, तर याचा विचार करा.

धातुरंग

आधी एकत्र करावे की वेगळे द्यावे, या प्रश्नाचे उत्तर राहून गेले होते. दोन्ही करून पाहा, पण त्याआधी कणांनी किती औषध ओढून घेतले ते मोजा. चाचणीत वापरणार त्याच माध्यमाच्या सामूचे, प्रथिनरहित बफर घ्या. फॉस्फेटचे मात्र नको. त्यात ज्ञात मात्रेचे सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि नॅनोकण मिसळून तासभर हलवा. मग जोरात सेंट्रिफ्यूज करून कण तळाशी बसवा आणि वरच्या नितळ द्रवाचे अतिनील शोषण मोजा. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे ठळक शोषण २७० ते २८० नॅनोमीटरच्या आसपास मिळते. झिंकशी जोडले गेल्यावर हा वर्णपट थोडा बदलतो, म्हणून प्रमाण-आलेख नुसत्या औषधाचा न काढता तेवढेच विरघळलेले झिंक असलेल्या द्रावणातच काढा. वरच्या द्रवात औषध निम्मेच उरले असेल, तर चेकरबोर्डमध्ये तुम्ही लिहिलेली मात्रा आणि जीवाणूंना प्रत्यक्ष मिळालेली मुक्त मात्रा यांत दुपटीचा फरक आहे, हे धरून पुढचे आकडे वाचावे लागतील. टेट्रासायक्लिनसाठीही हीच मोजणी करा. झोन लहान का झाला, हे बहुधा त्यातूनच कळेल.