छेत्रीनंतर आघाडीला कोण? कुवेत सामन्यापूर्वीची चर्चा

प्रेषक: अल वकरा येथील एक सभासद
दिनांक: २४ मे २०२४

सर्वांना सप्रेम नमस्कार,

भारताचा फुटबॉल कर्णधार सुनील छेत्रीने १६ मे रोजी निवृत्ती जाहीर केल्यापासून आपल्या मंडळातील फुटबॉलप्रेमी एकाच प्रश्नात गुंतले आहेत, तो म्हणजे त्याच्या जागी कोण खेळणार. ६ जूनला कोलकात्यात विश्वचषक पात्रता स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत कुवेतविरुद्ध तो शेवटचा उतरेल आणि ११ जूनला इथे दोह्यात कतारसमोर उभा राहणारा संघ त्याच्याशिवायचा असेल. माझ्या मते हा प्रश्न आपण अर्धाच विचारत आहोत. ज्या रचनेत १५० सामन्यांत ९४ गोल करणाऱ्या माणसापर्यंत चेंडू पोहोचत नाही, त्या रचनेत त्याच्या जागी कोणालाही उभे केले तरी गोल होणार नाहीत, आणि ही रचना प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांची आहे.

जानेवारीत आशियाई चषकासाठी आपल्यापैकी बरेच जण अहमद बिन अली स्टेडियमवर होते. ऑस्ट्रेलियाविरुद्ध सोळाव्या मिनिटाच्या सुमारास निखिल पुजारीने उजवीकडून क्रॉस दिला, छेत्रीने डोके लावले आणि चेंडू गोलबाहेर गेला, तेव्हा आपल्या स्टँडमध्ये सगळे एकदम उभे राहिले होते. त्यानंतर मात्र तो बहुतेक वेळ जवळजवळ दोन मीटर उंचीच्या हॅरी साउटरच्या आसपास एकटाच दिसत राहिला, कारण मनवीर आणि छांगते हे दोघेही विंगर, म्हणजे कडेने खेळणारे आघाडीपटू, स्वतःच्या बचावपटूंना मदत करण्यासाठी इतके मागे आलेले असत की चेंडू मिळाल्यावर छेत्रीने तो द्यायचा कोणाला, हाच प्रश्न होता. ऑस्ट्रेलियासमोर असे खेळणे मी समजू शकतो. मध्यंतरापर्यंत ०-० होते, हेही खरे आहे. परंतु हीच सावध मांडणी आपण मार्चमधील पात्रता सामन्यांत अफगाणिस्तानविरुद्धही का ठेवावी? क्रमवारीत १५८व्या स्थानावर असलेला आणि महासंघाशी झालेल्या वादामुळे अनेक अनुभवी खेळाडूंना मुकलेला तो संघ होता. सौदीतील अभा येथे ०-० आणि गुवाहाटीत १-२. गुवाहाटीत छेत्रीने ३८व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला, परंतु दुसरा गोल काही आपल्याला करता आला नाही, आणि ७०व्या व ८८व्या मिनिटाला दोन गोल खाऊन आपण सामना घालवला. समोरचे प्रशिक्षक अॅश्ली वेस्टवूड होते, ज्यांनी छेत्रीच्याच बेंगळुरू एफसीला दोनदा आय-लीग जिंकून दिली. छेत्रीला रोखायचे कसे, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी कुवेतमध्ये छांगतेच्या क्रॉसवर मनवीरने गोल केला. त्यानंतर कतार, ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया आणि दोनदा अफगाणिस्तान अशा सहा सामन्यांत आपण चालत्या खेळात एकही गोल केलेला नाही. जो एक झाला तो पेनल्टीचा. सहा सामने म्हणजे योगायोग नव्हे. आता आठवून पाहा, तो शेवटचा गोल झाला तेव्हा मनवीर कुठे होता? गोलसमोर होता, टचलाइनजवळ नव्हता.

म्हणून कुवेतविरुद्ध मनवीरला छेत्रीच्या जोडीने पुढे खेळवावे आणि छांगतेला गोलच्या जवळ राहण्याची मोकळीक द्यावी, असे मला कळकळीने वाटते.

आपला,
अल वकरा


प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, दोहा
दिनांक: २५ मे २०२४

प्रिय मित्रा आणि इतर मंडळी,

तुझे पत्र दोनदा वाचले. तळमळ पोहोचली, परंतु निष्कर्ष पटला नाही. मी २०११चा आशियाई चषकही याच शहरात पाहिला आहे. बॉब हाउटन यांच्या त्या संघाने बहारीनविरुद्ध दोन आणि दक्षिण कोरियाविरुद्ध एक असे तीन गोल केले आणि आपण सगळे आनंदाने ओरडलो. पण त्याच तीन सामन्यांत आपण तेरा गोल खाल्ले होते. यंदा आपण एकही गोल केला नाही हे दुखते, पण खाल्ले सहा. पुढे माणसे वाढवली की मागे ती कमी पडतात. सीरियाविरुद्ध अल बायतमध्ये संदेश झिंगन दुखापतीमुळे बाहेर गेल्यावर बचावफळीची काय अवस्था झाली आणि ७६व्या मिनिटाला खरिबिनने गोल कसा केला, ते आठव. अन्वर अली, जॅकसन सिंग आणि आशिक कुरुनियन हे तिघेही त्या स्पर्धेला नव्हते. स्टिमॅक यांनी चार आठवड्यांचे शिबिर मागितले होते. संघ दोह्यात उतरला ३० डिसेंबरला आणि पहिला सामना १३ जानेवारीला होता.

आता स्ट्रायकरविषयी. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, एका वेळी चार विदेशी खेळाडू मैदानात असू शकतात आणि जवळजवळ प्रत्येक क्लब त्यांपैकी एक तरी जागा मधल्या आघाडीपटूवर खर्च करतो. २०१४पासून एकाही हंगामात सर्वाधिक गोलांचा मान भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. यंदाही तो दिमित्रिओस दियामांताकोसकडे गेला. ४ मे रोजी आपल्या मुंबई सिटीने मोहन बागानला ३-१ हरवून चषक जिंकला, तेव्हा गोल केले परेरा दियाझ, बिपिन सिंग आणि याकुब वोयतुस यांनी. एक भारतीय, आणि तो विंगर. मनवीरला तू पुढे खेळव म्हणतोस, पण वर्षभर क्लबसाठी उजव्या बाजूने खेळणारा मुलगा राष्ट्रीय शिबिराच्या काही आठवड्यांत मधला आघाडीपटू कसा होईल? हा दोष प्रशिक्षकाच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही.

याच स्टिमॅक यांनी २०२३ मध्ये इम्फाळची तिरंगी मालिका, भुवनेश्वरचा आंतरखंडीय चषक आणि बेंगळुरूची सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धा जिंकून दिली आणि संघ क्रमवारीत ९९व्या स्थानावर नेला, हे आपण इतक्या लवकर विसरू नये. पात्रता स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत संघाला नेता आले नाही तर पद सोडेन, असे ते स्वतः म्हणाले आहेत. त्या शब्दावर त्यांना जोखू या, पण ६ जूनच्या आधी नको.

आपला,
दोहा


प्रेषक: अल खोर येथील एक सभासद
दिनांक: २५ मे २०२४

नमस्कार काका, नमस्कार दादा,

आमच्या घरी मुलगा दर आठवड्याला शाळेच्या संघात पुढे खेळतो, त्यामुळे या विषयावर आमच्या जेवणाच्या टेबलावर रोजच वाद होतो. काकांचा आयएसएलविषयीचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. पण मग स्टिमॅक यांनी यंदा केले ते आधीच का केले नाही, असे विचारावेसे वाटते. कुवेत सामन्यासाठीच्या भुवनेश्वरच्या शिबिरात त्यांनी आय-लीग विजेत्या मोहम्मेडन स्पोर्टिंगचा डेव्हिड लालह्लानसांगा आणि इंटर काशीचा एडमंड लालरिंदिका यांना बोलावले आहे. ही मुले गेल्या हंगामातही खेळत होती. आशियाई चषकाआधी त्यांना नुसते शिबिरात जरी ठेवले असते, तरी आज छेत्रीचा निरोप जवळ आलेला असताना आपण अगदीच रिकाम्या हातांनी उभे नसतो. पाच वर्षे एकच प्रशिक्षक आहेत, आणि छेत्रीचे वय तर सर्वांनाच ठाऊक होते. एका सामन्याच्या डावपेचांपेक्षा ही दिरंगाई मला जास्त गंभीर वाटते.

एक विनंती आहे. गुवाहाटीच्या सामन्यानंतर आपल्याच यादीवर काही सभासदांनी खेळाडूंविषयी फार कठोर शब्द वापरले होते, ते या वेळी टाळावेत.

आपली,
अल खोर


प्रेषक: अल वकरा येथील एक सभासद
दिनांक: २६ मे २०२४

आदरणीय काका आणि ताई,

दोघांचेही आभार. ताईंचा मुद्दा माझ्या पत्रात यायला हवा तितक्या ठळकपणे आला नव्हता आणि तो पूर्णपणे रास्त आहे. काकांच्या पत्रातील विदेशी स्ट्रायकरांची आकडेवारीही खरी आहे. मात्र तीच आकडेवारी माझी बाजू बळकट करते, असे मी नम्रपणे मांडू इच्छितो. देशात तयार मधला आघाडीपटू नाही हे जर प्रशिक्षकाला २०१९ पासून माहीत आहे, तर त्याने एकट्या मधल्या आघाडीपटूवर उभी राहणारी रचना निवडायचीच कशाला? आपल्याकडे गोल कोण करते? छांगते करतो, विक्रम प्रताप करतो, म्हणजे विंगर करतात. २४ एप्रिलला गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलच्या उपांत्य सामन्यात मुंबई सिटी एफसी गोवाविरुद्ध ९०व्या मिनिटापर्यंत दोन गोलांनी मागे होती, आणि तिथून ३-२ जिंकली. त्या तीन गोलांपैकी दोन छांगतेचे आणि एक विक्रम प्रतापचा. दोघेही बाजू सोडून आत घुसले होते. त्या रात्री गोव्याच्या आपल्या सभासदांचे फार वाईट वाटले, पण छांगतेला गोलपासून पन्नास मीटर दूर बचावपटूच्या कामाला लावणे म्हणजे काय गमावणे आहे, हे त्या काही मिनिटांत दिसले.

काका ज्या सॅफ स्पर्धेचा उल्लेख करतात, तिच्या अंतिम सामन्यात हाच कुवेतचा संघ समोर होता. आपण मागे पडलो होतो आणि सहलच्या पासवर छांगतेने बरोबरी साधली. छेत्री खाली येऊन खेळ जोडत होता आणि छांगते त्याने मोकळ्या केलेल्या जागेत शिरत होता. म्हणजे मी जे मागतो आहे ते या संघाने याच प्रशिक्षकाच्या हाताखाली, याच प्रतिस्पर्ध्यासमोर केलेले आहे. नवे काही शिकवायचे नाही. जे सोडून दिले ते पुन्हा धरायचे आहे.

पात्रता गटात आज कतार पुढच्या फेरीत पोहोचला आहे, आपण आणि अफगाणिस्तान प्रत्येकी चार गुणांवर आहोत आणि कुवेत तीन. गोलफरकामुळे आपण दुसरे आहोत. बरोबरी झाली तर आपले भवितव्य दोह्यातील सामन्यावर आणि दुसऱ्यांच्या निकालावर अवलंबून राहील, म्हणून कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर जिंकण्यासाठीच उतरले पाहिजे. छेत्रीमागे सहल किंवा ब्रँडन, उजवीकडून आत येणारा मनवीर, डावीकडून छांगते, आणि दोन्ही बाजूंच्या बचावपटूंपैकी एका वेळी एकानेच पुढे जायचे, म्हणजे काकांची मागच्या फळीची चिंताही मिटेल. अन्वर खेळण्यास तयार असेल तर त्याच्या लांब पासेसचा उपयोगही याच मांडणीत सर्वाधिक होईल. आणि विक्रम प्रतापला शेवटची दहा मिनिटे नव्हे, किमान अर्धा तास द्यावा.

आपला,
अल वकरा