जिवलग मैत्रिणीच्या लग्नात तिचा मेकअप आपण करावा का? माझं मत: अजिबात नाही

हरवलेली_पिन
मागच्या महिन्यात माझ्या हॉस्टेलपासूनच्या मैत्रिणीचं सांगलीला लग्न झालं आणि तिचा मेकअप, केस, साडी सगळं मी केलं. नोकरी अकाउंट्समधली, मेकअप हा नुसता छंद, ऑफिसात पारंपरिक डे असला की चारजणींना नटवून देते एवढाच काय तो अनुभव. तिने विचारलं तेव्हा उडीच मारली होती मी, आता डोकं शांत झाल्यावर लिहितेय की कोणी विचारलं तर सरळ नाही म्हणा.

पहाटे साडेतीनला उठले. कार्यालयाच्या खोलीत एक ट्यूबलाइट, एक सॉकेट आणि त्यात कोणाचा तरी मोबाईल, म्हणजे स्ट्रेटनर तापवायचा तर आधी मोबाईलचा मालक शोधा. गौरीहरासाठी पिवळी साडी, अंबाडा, गजरे, मुंडावळ्या हे उरकतंय तोवर मावशी, आत्या, चुलतबहीण "मला फक्त लायनर ओढ गं" म्हणत रांगेत उभ्या, आणि नाही कसं म्हणणार, हॉस्टेलात असताना यांच्याच घरचे डबे खाल्लेत मी.

मुहूर्त १२ वाजून १० मिनिटांचा. मामा तिला घेऊन गेले आणि खोलीत उरले मी, पसरलेले ब्रश आणि पलंगावर शालूवर घालायचे दागिने. किल्ली ज्या काकांकडे ते वरातीच्या बँडबरोबर. दागिने उघड्यावर टाकून जाऊ कशी? मंगलाष्टका खिडकीतून ऐकल्या. अक्षता घरी आल्यावर पर्समध्ये सापडल्या. पुढे शालू, मग रिसेप्शनचा घागरा नि मोकळे कर्ल्स. अख्ख्या अल्बममध्ये माझा एक धड फोटो, त्यातही तोंडात तीन पिना.

गिफ्टच द्यायचं तर चौघींनी मिळून चांगल्या मेकअपवालीचे पैसे भरा आणि स्वतः नटून पुढच्या रांगेत बसा.

सावळीच_बरी
अगं तुझं भांडण किल्लीवाल्या काकांशी आहे, मेकअपला कशाला बोल लावतेस?

मी उलट बाजूची, म्हणजे नवरी. माझ्या ताईच्या लग्नात पार्लरवालीने तिला अशी काही पांढरी केली की चेहरा एकीचा, हात दुसरीचे, गळा तिसरीचा. आजी म्हणाली, "ही आपली पोरगी कुठंय?" आम्ही दोघी सावळ्या आणि दुकानात गेलं की समोरची आपोआप दोन शेड उजळ बाटली काढते. म्हणून मी माझ्या मैत्रिणीलाच धरलं. तिला माहिती होतं की माझा डावा डोळा वाऱ्यानेसुद्धा पाणावतो, मला लाल लिपस्टिक म्हणजे नाटकातल्यासारखी वाटते आणि आई समोर आली की मी रडणार. तिने खोलीतून सगळ्यांना बाहेर काढलं, स्वतःच्या हाताने दोन घास पोहे भरवले आणि मग ब्रश उचलला. अंबाडा जरा डावीकडे कलला होता, फोटोत दिसतो. दिसू दे की.

आरसेमहाल_नाशिक
अकरा वर्षं ब्रायडल करतेय. मी दोघींशीही सहमत नाही. मैत्रिणीने करावा, पण काम म्हणून करावा. इथे सगळे प्रेमाबद्दल बोलतायत, कामाबद्दल कोणीच नाही.

ट्रायल घेतलीत का? लॅशच्या, म्हणजे खोट्या पापण्यांच्या गोंदाची पॅच टेस्ट? त्यात लॅटेक्स असेल तर काहींचे डोळे टम्म सुजतात, निदान एक दिवस आधी कानामागे लावून बघायला हवं. हळद नीट उतरली नसेल तर ट्रायलला जुळलेली शेड लग्नाच्या सकाळी जुळत नाही, तेव्हा गळ्याशी लावून पुन्हा बघायची. सनस्क्रीन असलेलं फाउंडेशन, त्यातही झिंक किंवा टायटॅनियमवालं, फ्लॅशमध्ये पांढरं मारतं आणि वरून सिलिकाची पावडर थापली तर संपलंच, खोलीत सुंदर नि अल्बममध्ये भूत. केस आदल्या दिवशी धुवायचे, त्याच सकाळी धुतले तर इतके सुळसुळीत होतात की खोपा टिकत नाही. दाबाची नथ असेल तर दाब बसतो तेवढ्या जागेला क्रीमचा हातही लावायचा नाही, नाहीतर जेवणाच्या पंगतीत नथ वरणात. मुंडावळ्यांखालचा बेस घामाने सरकतो आणि होमाच्या धुरात मस्कारा वॉटरप्रूफच लागतो, गरीब बिचारा साधा मस्कारा सप्तपदीपर्यंत गालावर येतो.

हे सगळं सांभाळून वर फुकट? मैत्रिणीकडून मी प्रॉडक्टचा खर्च तरी घेतेच आणि हाताखाली एक मुलगी नेते, तिचे पैसे नवरीकडून. ते आधीच बोलायचं. "तुझ्याकडून काय घ्यायचं" म्हटलं की नंतर मनात कुढत बसतो आपण.

सावळीच_बरी
ताई शेडचं नि फ्लॅशचं पटलं, पण पैशाचं नाही हो. मैत्रीण मला बिल देणार?

आरसेमहाल_नाशिक
केटररने दिलंच ना? तो पण तुमच्या वडिलांचा मित्रच असेल.

लेन्सवाला
फोटोवाल्याची बाजू पण ऐका. मैत्रीण मेकअप करत असली की उशीर ठरलेला. अर्धा वेळ हसणं, पाव वेळ रडणं, उरलेल्यात मेकअप. गुरुजी दारात येऊन ओरडतात आणि कापले जातात ते आमचे पोर्ट्रेट. मुहूर्त नवरीच्या आयलायनरसाठी थांबत नाही. प्रोफेशनल घ्या.

सावळीच_बरी
हसणं नि रडणं हेच शूट करा की दादा. माझ्याकडे आज घरात लावलेला फोटो तोच आहे, ती माझ्या कपाळावर चंद्रकोर काढतेय आणि दोघींचीही तोंडं वाकडी.

आजोळ
माझं लग्न १९७९ चं, वाईला. मेकअप हा शब्दच नव्हता आमच्याकडे, मैत्रिणी जमायच्या आणि नवरीला तयार करायच्या. एकीने गंगावन घालून अंबाडा घातला, एकीने वेणी माळली, तिसरीने मेणावर पिंजर रेखली, पावडरचा डबा माझ्याच आईचा. कोणाला चुकलं असं वाटलं नाही कारण एकावर सगळा भार नव्हता. हरवलेली_पिन, तू एकटीने तीन-तीन वेळा तिला नटवलंस, तेही बायकांची रांग सांभाळून! बाकीच्या मैत्रिणी कुठे होत्या गं? रील काढत असतील.

हरवलेली_पिन
आजी, अगदी हेच. बाकीच्या चौघी फेटे बांधून खाली नाचत होत्या.

सावळीच_बरी, तुझ्या मैत्रिणीला विचारलंस का कधी की तिने तुझं लग्न पाहिलं का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

सावळीच_बरी
आत्ता फोन केला. म्हणाली, अंतरपाट धरला तेव्हा बाथरूममध्ये हात धूत होते, फाउंडेशन निघत नव्हतं. आठ वर्षांत मला एकदाही बोलली नाही. मी जरा गप्पच झालेय. तरी मत बदललेलं नाही, म्हणजे तिनेच करावा असं अजून वाटतं, पण दागिने नि पसारा बघायला घरातली दुसरी कोणीतरी हवी आणि अर्धा तास आधी तिला मोकळं करायला हवं, तिलाही साडी नेसायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही तेव्हा.

जर्सीची_पमा
आमच्याकडे प्रश्नच वेगळा. न्यू जर्सीला मला भेटलेल्या सगळ्या मेकअपवाल्या उत्तरेकडच्या दुल्हनच्या सवयीच्या, नऊवारीवर घागऱ्याचा मेकअप करून ठेवतात. मैत्रिणीने व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या आपल्या काकूकडून खोपा शिकून तीन रविवार माझ्या केसांवर सराव केला. ती नसती तर मी नथ घालून कर्ल्स सोडून बसले असते. त्यामुळे करावा की नाही वगैरे चैन तुमच्याकडे.

लेन्सवाला
तीन रविवार सराव? मग ती प्रोफेशनलच झाली. माझं म्हणणं तेच आहे.

हरवलेली_पिन
माझं मत कायम. त्याच मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचं मार्गशीर्षात ठरलंय आणि काल काकूंचा फोन येऊन गेला, मी अजून काही बोलले नाहीये.

आरसेमहाल ताई, ते मुंडावळ्यांखालचं काय म्हणालात, आधी पावडर की आधी स्प्रे? फक्त माहितीसाठी विचारतेय.

आरसेमहाल_नाशिक
आधी पावडर, मग स्प्रे, पूर्ण सुकलं की मगच मुंडावळ्या. आणि खोलीची किल्ली तुमच्या कमरेला.