मदत हवी आहे: विणलेल्या कासवातून कापूस दिसतो आणि बिस्किटं सादळतात

माडाखाली (रविवार, रात्री ११.१०)

दोन प्रश्न आहेत, दोन्ही अर्जंट. आम्ही आंजर्ल्याला घरगुती राहण्याजेवण्याची सोय करतो. येत्या शनिवारी कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला पाच कुटुंबं येणार आहेत. जाताना प्रत्येकाला एक खोका द्यायचा असं मी डिसेंबरातच ठरवून बसले, आणि नवऱ्याने लगेच फोटोसकट जाहिरात करून टाकली. आता माघार नाही.

१. कासव विणतेय. अगदी नमुन्याप्रमाणे. तरी पाठीच्या भोकांतून आतला कापूस दिसतो आणि पाठ चपट घुमटीसारखी न होता वाडगा होतो. तीनदा उसवलं.

२. नाचणीची बिस्किटं, कासवाच्याच आकाराची. काढली की खुटखुटीत. दुसऱ्या दिवशी मऊ, तिसऱ्या दिवशी पोळीसारखी वाकतात.

काय चुकतंय? गूगल कर म्हणू नका, करून झालंय.

टाकाचुकला (रविवार, रात्री ११.३२)

विणतेय म्हणजे दोन सुयांवर की क्रोशाने? लोकर की सुती दोरा? सुई कितीची? नमुना कुठला? फोटो?

माडाखाली (रविवार, रात्री ११.३६)

क्रोशानेच, अजून कशाने! चार पदरी लोकर. सुई घरात होती ती. नमुना पुस्तकातला.

सुरंगीचा वळेसर (सोमवार, सकाळी ६.०५)

बिस्किटांचं सांगते. गूळ घातलास ना? गूळ हवेतलं पाणी ओढतो. पिठीसाखर घाल, प्रश्न मिटला. मी वीस वर्षं नानकटाई करते, एकदाही सादळली नाही.

पडवीतून (सोमवार, सकाळी ७.४०)

नाचणी आणि पिठीसाखर? मग मैद्याचीच करा की. गुळाने इतकं होत नाही. आमच्याकडे गुळाच्या खजुऱ्या पंधरा दिवस राहतात, त्याही पावसाळ्यात.

सुरंगीचा वळेसर (सोमवार, सकाळी ७.५२)

खजुरी तळतात. बिस्कीट भाजतात. उगाच कशाला काहीही.

भट्टीचं बटर (सोमवार, सकाळी ९.१५)

घरात करूच नका. आमच्या लहानपणी दिवाळीआधी पत्र्याच्या ट्रेमध्ये नानकटाई थापून गावच्या बेकरीत न्यायचो. पहाटे पाव निघाले की उतरत्या भट्टीत आपला ट्रे. ट्रेखाली खडूने आडनाव लिहायचं, तरी अदलाबदल व्हायचीच, आणि एका वर्षी आमच्या आईला शेजारच्यांची इतकी आवडली की तिने काही केल्या परत दिली नाहीत. लाकडाच्या भट्टीची कोरडी आच तुमच्या त्या डब्याला येणार नाही. जवळ बेकरी असेल तर विचारा.

२३० व्होल्ट (सोमवार, सकाळी ९.४०)

भट्टीचा ट्रे वगैरे आठवणी छान, पण बाईंनी कशात भाजली ते अजून सांगितलेलंच नाही. कुकर, मायक्रोवेव्ह, ओटीजी? आणि किती वाजता?

माडाखाली (सोमवार, दुपारी २.३०)

ओटीजी. जेवणं आवरल्यावर संध्याकाळी सात-साडेसातला. वेळेचा काय संबंध?

२३० व्होल्ट (सोमवार, दुपारी २.४८)

वेळेचाच संबंध आहे. संध्याकाळी वाडीत सगळ्यांचे दिवे-पंप चालू, तुमच्याकडे १८० व्होल्ट येत असतील तर नवल नाही. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० वर २००० वॅट देणारा ओटीजी १८० वर जेमतेम १२०० देतो. तापमानाचा आकडा १६० अंशांवर ठेवलात तरी आत तेवढं तापायला दुप्पट वेळ लागतो आणि तुम्ही घड्याळ बघून बाहेर काढता. वरून रंग येतो, मधे ओल राहते. दुपारी दोनला भाजून बघा. आणि ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर घ्या, बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका.

टाकाचुकला (सोमवार, दुपारी ३.१०)

कासवाचा फोटो?

माडाखाली (सोमवार, रात्री १०.२०)

टाकलाय वर. हिरवं कासव, पिवळे पाय. हसू नका.

खाजणकाठ (सोमवार, रात्री १०.४४)

हसत नाही, पण हे समुद्री कासवच नव्हे. आपल्या किनाऱ्यावर येतं ते ऑलिव्ह रिडले. त्याला पाय नसतात, वल्ह्यांसारखे पर असतात, पुढचे मोठे. ते डोकं पाठीत ओढून घेऊ शकत नाही, तुम्ही मानेला दिलेली चुणी विहिरीतल्या कासवाची आहे. पिल्लं तर काळपट राखाडी असतात. पाहुणे सकाळी किनाऱ्यावर खरी पिल्लं बघणार आणि घरी येऊन हातात हिरवा बेडूक? निदान रंग तरी बदला.

माडाखाली (सोमवार, रात्री १०.५१)

काका, मी भोकांबद्दल विचारलंय.

खाजणकाठ (सोमवार, रात्री १०.५८)

तेही खरंच. पण मोबाईलचा दिवा पिल्लांवर मारायचा नाही एवढं पाहुण्यांना नक्की सांगा. ती उजेडाकडे वळतात आणि दिशा चुकतात. बिस्किटांविषयी मला काही कळत नाही. मात्र कासवाच्या आकाराचं बिस्कीट डोक्याकडून मोडून खायचं, हे जरा बरं वाटत नाही.

पडवीतून (सोमवार, रात्री ११.०५)

सासूबाई काय म्हणाल्या यावर? देवळात पिंडीसमोर कासव असतं हो.

माडाखाली (सोमवार, रात्री ११.०९)

त्या म्हणाल्या, मोदक मोडून खाताना कुणी गणपतीला विचारतं का. प्लीज, शनिवार आहे.

टाकाचुकला (मंगळवार, सकाळी ८.२०)

फोटो मोठा करून पाहिला. तुमचे टाके उंच आहेत. हे बुटके मुके खांब नाहीत, पूर्ण खांब आहेत. पुस्तकात काय लिहिलंय, नेमके शब्द सांगा. आणि पुस्तक कुठलं, म्हणजे कुठल्या देशातलं?

माडाखाली (मंगळवार, सकाळी ८.२६)

"डीसी" लिहिलंय. डबल क्रोशे. डबल म्हणजे खांबच ना? व्हिडिओतही तसंच करतात. पुस्तक नणंदेने इंग्लंडहून आणलंय.

टाकाचुकला (मंगळवार, सकाळी ८.४०)

सापडलं. ब्रिटिश पुस्तकातला डबल क्रोशे म्हणजे अमेरिकन सिंगल क्रोशे, म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकन व्हिडिओतला डबल म्हणजे आपला खांब. नाव एक, टाका वेगळा. तुम्ही पुस्तक इंग्लंडचं वाचलंत आणि हात अमेरिकेचा चालवलात.

वाडग्याचं कारणही तेच. सहा टाक्यांनी सुरुवात करून दर फेरीला सहा वाढवायचे, ६, १२, १८, २४, हा हिशेब मुक्या खांबाचा. तो बुटका असतो, म्हणून सहात चकती सपाट बसते. खांब उंच, त्याचा घेर पटकन वाढतो, त्याला फेरीला बाराएक टाके वाढवावे लागतात. ते मिळाले नाहीत की कड वर उचलते आणि वाडगा होतो.

आता सुई. लोकरीच्या वेष्टणावर ४ मिमी लिहिलं असेल तर खेळण्यासाठी ३ किंवा अडीच घ्या. हात दुखेल, पण वीण घट्ट बसेल. गोल गोल सलग विणायचं, फेरी जोडायची नाही. फेरीचा पहिला टाका हरवतो म्हणून तिथे वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा. आणि टाके कमी करताना दोन्ही टाक्यांची फक्त पुढची कड उचला, म्हणजे तिथेही भोक पडत नाही.

अजून एक. डोळे काळ्या मण्यांचे दिसतात. लहान मुलं येणार असतील तर ते काढा आणि काळ्या दोऱ्याने भरा. मणी ओढला की निघतो आणि घशात अडकतो.

सुरंगीचा वळेसर (मंगळवार, सकाळी ९.००)

वा! मला वाटलं होतं दोरा पातळ असेल.

माडाखाली (मंगळवार, रात्री १०.०५)

टाकाचुकला, साष्टांग. अडीचच्या सुईने मुका खांब घातला, पाठ पहिल्याच फटक्यात घुमटीसारखी बसली. रंग राखाडी घेतलाय (खाजणकाठ काका, खूश?). पायांना वल्ही म्हणते आता.

बिस्किटं मात्र जशीच्या तशी. आज दुपारी दोनला भाजली, पाच मिनिटं जास्त. रात्रीपर्यंत खुटखुटीत आहेत, पण कालचीही रात्रीपर्यंत होतीच.

वेंगुर्ल्याचा कोकम (बुधवार, सकाळी ६.५०)

गो बाय, नारळ ओलो घातलंस की सुको?

माडाखाली (बुधवार, सकाळी ७.०२)

ओला, अर्थात. पण खमंग भाजून घेतला होता.

वेंगुर्ल्याचा कोकम (बुधवार, सकाळी ७.१५)

मगे नारळ काढून टाक. भाजललो ओलो नारळ वरसून सुको, भितूर ओलोच. चार दिवसांनी खवट लागतलो. सुक्या खोबऱ्याचो कीस घाल.

पडवीतून (बुधवार, सकाळी ७.३०)

मी म्हणते बिस्किटं हवीतच कशाला? धोंडस करा. काकडी, तांदळाचा रवा, गूळ, खाली निखारे वर निखारे. आपलं कोकणातलं आहे, पाहुण्यांनाही तेच आवडेल.

भट्टीचं बटर (बुधवार, सकाळी ७.४१)

धोंडस खोक्यात घालून मुंबईला नेणार? मुंबईपर्यंत त्याची पेज होईल.

२३० व्होल्ट (बुधवार, सकाळी ९.३०)

एक प्रश्न कुणीच विचारलेला नाही. बिस्किटं रात्रभर कुठे ठेवता? डबा कसला?

माडाखाली (बुधवार, दुपारी १.१०)

खोक्यातच. पुठ्ठ्याचा खोका, आत बटर पेपर. सहा बिस्किटं आणि वर कासव. नमुन्यासाठी दोन खोके भरून ठेवलेत तेच रोज उघडून बघतेय.

२३० व्होल्ट (बुधवार, दुपारी १.१८)

कासव बिस्किटांबरोबर एकाच खोक्यात? कासवात काय भरलंय?

माडाखाली (बुधवार, दुपारी १.२५)

जुन्या गाद्यांचा कापूस. पिंजून घेतलेला, स्वच्छ. आणि कासवं विणून, भरून झाली की धुऊनच ठेवते, धुतल्याशिवाय खाण्याबरोबर कसं देणार. एक दिवस पडवीत वाळवते.

२३० व्होल्ट (बुधवार, दुपारी १.३१)

भरल्यावर धुता?

टाकाचुकला (बुधवार, दुपारी १.३३)

भरल्यावर??

२३० व्होल्ट (बुधवार, दुपारी १.५०)

ओटीजीचं माझं म्हणणं मागे घेत नाही, पण खरा चोर हा आहे. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत, न धुताही, सुती कापूस वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी धरून असतो. पॉलिएस्टरचा भराव अर्धा टक्काही धरत नाही. तुमचा तर आतून ओलाच असणार. लोकर वरून वाळते, मधला गोळा वाळत नाही. बंद खोक्यात तो पाणी सोडतो आणि ते शोषायला शेजारी कोरडं ठणठणीत बिस्कीट बसलेलंच आहे.

पटत नसेल तर प्रयोग करा. आजच्या घाण्यातली सहा बिस्किटं स्टीलच्या घट्ट डब्यात, सहा दुसऱ्या तशाच डब्यात, पण त्यात एक कासव. गार झाल्यावरच भरा. परवा उघडा.

सुरंगीचा वळेसर (बुधवार, दुपारी २.१५)

गुळाचंही आहेच पण.

माडाखाली (शुक्रवार, सकाळी ६.२०)

प्रयोग झाला. कासव नसलेल्या डब्यातलं बिस्कीट मोडताना सासूबाईंना माजघरात आवाज गेला. कासवाच्या डब्यातलं हातात घेतलं तर दुमडलं.

मग सोमवारच्या हिरव्या कासवाचं पोट कात्रीने उघडलं. वरचा थर कोरडा. आतला कापूस पिवळट, मुठीत दाबल्यासारखा गोळा झालेला, बोटाला गार लागत होता. वास पावसाळ्यातल्या दप्तरासारखा कुबट. हे मी कुणाच्या तरी मुलाला देणार होते.

दापोलीहून पॉलिएस्टरचा भराव मागवला. लोकर आधी धुऊन वाळवली, मग विणली. तीन राखाडी कासवं तयार आहेत, दोन आज रात्री होतील. नारळ सुका घातला, गूळ ठेवला (वळेसरताई, माफ करा). बिस्किटं वेगळ्या बरणीत, कासव वेगळं. मऊ पडलेली १२० वर पंधरा मिनिटं परत ठेवली, ती पण बऱ्यापैकी सुधारली, घरात खपतील.

खाजणकाठ (शुक्रवार, सकाळी ७.०५)

राखाडी रंगाबद्दल आभार. पाठीवरचे खवले षटकोनी काढू नका, तो फुटबॉल होतो. मधली एक ओळ आणि तिच्या दोन्ही बाजूंना सहा-सात काढलेत तर एकदम रिडले.

माडाखाली (शुक्रवार, सकाळी ७.०८)

काका, एका कासवाचे खवले काढायला तास जाईल. एकाला काढते. ते तुमचं.

नवीन सभासद ४१ (शुक्रवार, रात्री ९.३०)

छान धागा. याच पद्धतीने दोन सुयांवर मांजर विणता येईल का? आणि ओटीजी नसेल तर चालेल का?

टाकाचुकला (शुक्रवार, रात्री ९.४४)

मांजर ओटीजीत?