बाबांच्या डोक्यात लाल गाठ, कंगवा लागला की रक्त. कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला असतो, रामबागेत. बाबा सत्तरीचे, पोटावर-छातीवर ते बारीक लाल तीळ असतात ना, ते त्यांना कितीतरी वर्षांपासून आहेत, डॉक्टर म्हणाले होते चेरी अँजिओमा, वयाबरोबर येतातच, काही करू नका, मग आम्हीही सोडून दिलं. पण आता गणपतीनंतर उजव्या कानाच्या वर केसांत एक वेगळंच आलंय, भराभर वाढलं, मटारच्या दाण्याएवढं, गडद लाल, चकचकीत, बुडाशी निमुळतं. कंगवा लागला की भळाभळा रक्त. परवा कटिंगला गेले तर दुकानातल्या पोराचा चेहराच उतरला, टॉवेल भिजला पार, आणि बाबा उलट त्यालाच धीर देतायत, "कुछ नहीं बेटा, चलता है". बायपासनंतर इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू आहे त्यामुळे रक्त थांबता थांबत नाही.

स्किनवाल्यांना दाखवलं. बहुतेक पायोजेनिक ग्रॅन्युलोमा म्हणाले, रक्तवाहिन्यांचीच साधी गाठ, पण ही जास्त करून बोटांवर, ओठावर, हिरडीवर येते, डोक्यात कमी, म्हणून काढून बायोप्सीला पाठवायचीच. आई म्हणते साधी आहे तर तुकडा कशाला पाठवायचा, आणि आत्याचं म्हणणं घोड्याचा केस बांधा, आपोआप गळेल (बाबांना हे पटलंय, तेच टेन्शन!!)

कॉटरीने (म्हणजे विजेच्या चटक्याने जाळून) काढल्यावर कुणाचं परत आलंय का? इकोस्प्रिन बंद करावी लागते का? लेझर बरं पडेल का?

प्रतिसाद:
ताई, केसबिस अजिबात बांधू नका, रक्त आणि इन्फेक्शन दोन्ही ओढवून घ्याल. आमच्या ह्यांना जिभेच्या शेंड्यावर आलं होतं, तिथेही कमीच येतं म्हणे. खरवडून कॉटरी केली, मुळाशी थोडं राहिलं असणार, परत आलं, मग दुसऱ्यांदा खोलवर काढलं तेव्हा गेलं. गोळी मनाने बंद करू नका, हार्टवाल्यांना विचारा, आमची चालूच ठेवली होती. आणि लेझरने नुसतं जाळलं तर तपासायला तुकडाच उरत नाही. मेलेनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, दर वेळी काळाच असतो असं नाही, एखादा असा लालही दिसतो, बायोप्सी त्यासाठीच. तोवर रक्त आलं की स्वच्छ कपड्याने दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा, मधे उचलून बघायचं नाही.

धागाकर्ती:
थँक्यू काकू, आईला असंच सांगते. डोक्याला टाके पडतात का पण? आणि केस किती काढतात, बाबांचा पहिला प्रश्न तोच आहे.