डार्क रोमान्स: कथेतला धोका हवासा का वाटतो आणि हरकत कुठे घ्यावी?

ऐरोलीची वाचक:
नमस्कार. ठाण्यातील आमच्या वाचनगटात डार्क रोमान्सचा, म्हणजे धाक आणि बळजबरीच्या छायेतल्या प्रेमकथांचा, विषय निघाला आणि चर्चा अर्धवटच राहिली, म्हणून येथे विचारते आहे. वडिलांच्या कर्जापायी नायिकेला लग्नाच्या करारावर सही करायला लावणारा, तिचा फोन तपासणारा, तिच्या मैत्रिणी तोडणारा आणि तरीही तिच्यावाचून जगू न शकणारा नायक मोबाइलवरच्या मराठी कथामालिकांतही आता सर्रास भेटतो. ऐरोलीहून ठाण्याला जाताना महिलांच्या डब्यात अशा कथा वाचणाऱ्या अनेकजणी दिसतात आणि मीही त्यांच्यातलीच आहे. असा पुरुष खरोखर दारात उभा राहिला, तर मी पोलीस ठाणे गाठीन. मग कथेत तोच मला का खिळवून ठेवतो? आणि बळजबरीचे चित्रण कुठे संपते व तिचे समर्थन कुठे सुरू होते, हे वाचकाने कशावरून ओळखावे?

नौपाड्याचा ग्रंथपाल:
ताई, ही ओढ जुनी आहे. सॅम्युएल रिचर्डसनच्या १७४० मधील ‘पामेला’त मालक आपल्या तरुण मोलकरणीच्या मागे लागतो, तिला कोंडून ठेवतो आणि शेवटी त्यांचे लग्न होते, इंग्रजी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळातच हा साचा तयार झालेला दिसतो. जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतील एका गावातल्या रोमान्स-वाचक स्त्रियांशी बोलून १९८४ मध्ये लिहिलेले पुस्तक मला या बाबतीत फार मोलाचे वाटते. त्या स्त्रियांना बलात्कार आणि अतिरेकी हिंसा असलेल्या कथा नकोशा होत्या, मात्र नायकाच्या तुसडेपणामागे दडलेले प्रेम आहे असा उलगडा झाला, तर तो तुसडेपणा त्या खपवून घेत. शेवट गोड होणार हे त्यांना आधीपासून ठाऊक असे, आणि घरच्या कामांतून काढलेला वाचनाचा वेळ हाच त्यांच्या दृष्टीने स्वतःचा हक्काचा वेळ होता. पुस्तक केव्हाही मिटता येते, त्यामुळे नायिकेच्या हाती नसलेली सत्ता वाचकाच्या हाती असते. भीतीत गोडी येते ती या हमीमुळे, असे माझे मत आहे.

कळव्याची समुपदेशक:
ग्रंथपालांचे म्हणणे मला पटते, पण अर्धेच. नवऱ्याच्या वागण्याला कंटाळून आलेल्या स्त्रियांशी मी रोज बोलते, आणि ‘त्याच्या रागामागे प्रेमच आहे’ हे वाक्य त्यांच्या तोंडून वारंवार ऐकते. हे त्या कादंबऱ्यांतून शिकल्या असे मी म्हणणार नाही, कारण त्यांतल्या बहुतेकींनी एकही कादंबरी वाचलेली नसते. परंतु दडलेल्या प्रेमाचा हाच उलगडा घरात वर्षानुवर्षे मार खाण्याचे कारण ठरतो, हे मी पाहिले आहे. कथेत नायक नायिकेचे मेसेज चोरून वाचतो, ते काळजी म्हणून रंगवले जाते. प्रत्यक्षात स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणे हा २०१३ पासून आपल्याकडे गुन्हा आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्येही ती तरतूद कायम आहे. लेखकाने कथेत कायदा शिकवावा अशी माझी अपेक्षा नाही. त्या पाळतीने नायिकेचे काय झाले, ती कुणाशी बोलेनाशी झाली, तिची झोप कशी उडाली, एवढे तरी पानावर यावे.

नेरूळची लेखिका:
मी स्वतः अशा मालिका लिहिते, म्हणून दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. समजा, पाम बीच रस्त्यावरून गाडी चालली आहे, नायिका ‘मला घरी सोडा’ म्हणते आणि नायक वेग वाढवतो. यापुढच्या परिच्छेदात लेखणी त्याच्या स्टिअरिंगवरच्या मनगटाकडे आणि तिच्या गालांवरच्या लालीकडे वळली, तर तिचे वाक्य हवेत विरले असे समजा. त्याऐवजी तिची बोटे दाराच्या खिटीवर गेली, दार लॉक आहे हे तिला कळले, आणि त्याच क्षणी त्याच्याविषयीची ओढही तिला जाणवली व त्या ओढीचाच तिला संताप आला, तर ते खरे डार्क रोमान्स. इच्छा आणि भीती दोन्ही तिच्याच राहिल्या पाहिजेत. पुढे दहा भागांनंतरही ते लॉक तिला आठवते का आणि नायकाला त्याची किंमत मोजावी लागते का, हेही पाहा. नुसत्या शेवटच्या माफीने भागत नाही, कारण श्रीमंती, घर, माणसे सगळे त्याच्याकडेच असेल, तर त्या माफीवर ‘नाही’ म्हणण्याची सोय तिला उरतेच कुठे? माझ्या नायिकेला मी म्हणूनच आधी नोकरी आणि राहायला जागा मिळवून देते, प्रेमाची कबुली त्यानंतर येते. कथेत बळजबरीचे प्रसंग आहेत, अशी आशयाची सूचनाही सुरुवातीला देते. त्या सूचनेमुळे वाचक कमी होतात असा माझा अनुभव नाही.

ऐरोलीची वाचक:
सर्वांचे मनापासून आभार. ग्रंथपालकाका, पुस्तक मिटता येते हे खरे, पण रोज एक भाग येणाऱ्या मालिकेत शेवट गोड होईल याची हमी महिनोन्‌महिने लांबते आणि तोवर रोज फक्त तो धाकच वाचला जातो. समुपदेशकताईंची काळजी मला तिथे अधिक रास्त वाटते. पुढच्या बैठकीत लेखिकाताईंनी सांगितल्याप्रमाणे एकाच मालिकेतील नकाराचे सगळे प्रसंग सलग वाचून पाहू आणि नायिकेचे शब्द नंतरच्या भागांत कुठवर टिकतात, ते येथेच कळवते.