मदत हवी आहे: समुद्रकिनाऱ्यावरच्या उद्यानाचे काम आणि कासवांची घरटी

नमस्कार.

मी भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात राहतो. गावात माझी लहानशी रोपवाटिका असून गेली चौदा वर्षे ग्रामपंचायतींची उद्याने, शाळांची आवारे आणि तलावांच्या पाळींवरची लागवड अशी कामे मी करीत आलो आहे. समुद्र मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे यंदाच्या फेब्रुवारीत, पहिल्यांदा पाहिला. आणि ज्या कामासाठी तो पाहिला, त्याच कामाविषयी येथे मदत मागत आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावाच्या किनाऱ्यावर उद्यान व्हायचे आहे. मुख्य कंत्राट नागपूरच्या एका कंत्राटदाराकडे आहे आणि लागवड, हिरवळ व दिवे यांचे पोटकंत्राट माझ्याकडे आले आहे. नकाशात किनाऱ्याला समांतर सुमारे दोनशे मीटर लांबीची दगडी भिंत असून तिला समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. भिंतीच्या आतल्या बाजूस रेतीवर एक फूट तांबड्या मातीचा थर देऊन हिरवळ लावायची आहे. भिंतीवर दर आठ मीटरला बारा फूट उंचीचा पांढरा एलईडी दिवा आहे, त्याचे तोंड समुद्राकडे. आणि भिंतीबाहेर थेट भरतीच्या रेषेपर्यंत सुरूच्या तीन रांगा आहेत. सुरूची सहाशे रोपे मी ऑक्टोबरपासूनच पिशव्यांत वाढवली असून आज ती गुडघ्याला लागली आहेत.

जागा पाहायला गेलो तेव्हा मुक्काम त्याच गावात होता. सवयीने पहाटे फिरायला निघालो, तर पाण्यापासून वर चढत गेलेला, पावणेदोन हात रुंदीचा एक माग रेतीत दिसला. रात्री कुणी लहान होडी ओढत नेली असावी, असेच मला वाटले. माग जेथे संपत होता तेथे दोन कासवमित्र, म्हणजे कासवांची घरटी राखणारे गावकरी, गुडघ्यांवर बसून हाताने रेती उकरीत होते आणि एकेक अंडे जपून बाहेर काढीत होते. मी शेजारी बसून मोजली. एकशे अकरा अंडी निघाली. ती त्यांनी जाळीच्या कुंपणातल्या जागेत, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुन्हा पुरली. ते गेल्यावर मी नकाशा उलगडला आणि खुणेच्या दगडापासून टेपने अंतर मोजले, तेव्हा ते घरटे माझ्या सुरूच्या दुसऱ्या रांगेत येत होते.

तेव्हापासून माझे चित्त या कामात लागत नाही. घरी परतल्यावर जमेल तेवढे वाचले आणि वाचता वाचता नकाशातली एकेक बाब संशयास्पद होत गेली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर सुमारे दीड फूट खोल खड्डा करून त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि परत जाते. पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस अंडी उबवण्याचे काम रेतीच करते. पिल्लू नर होणार की मादी, हेही त्या रेतीच्या तापमानावर ठरते, आणि २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास माद्यांचे प्रमाण वाढत जाते. हे वाचल्यावर मी प्रथम हिरवळीचा विचार केला, कारण तो माझा धंदा आहे. एक फूट तांबडी माती आणि तिला रोज सकाळ-संध्याकाळ पाणी, म्हणजे ते पाणी व त्यासोबतचे खत पाझरून शेवटी उताराच्या रेतीतच जाणार. रेतीची ऊब बदलणार, ओल बदलणार, वरचा थर घट्ट होणार. मादीला ती उकरता येईल का आणि अंड्यांना त्यात हवा मिळेल का, हे मला सांगता येत नाही, पण घट्ट झालेल्या चोपण जमिनीत बी पेरून उगवत नाही एवढे मला कळते.

दिव्यांविषयी जे वाचले ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. पिल्ले रेतीतून बहुधा रात्री बाहेर येतात आणि जिकडे क्षितिज अधिक उजळ असेल तिकडे धावतात. जमिनीकडची बाजू झाडांमुळे काळी आणि समुद्राची बाजू आकाशाच्या उजेडाने फिकट, एवढ्यावरच त्यांचा भरवसा असतो. त्यात पंचवीस पांढरे दिवे लागले तर ती पाण्याऐवजी माझ्या हिरवळीकडे येतील.

मी हे कंत्राटदारांना सांगितले. त्यांनी मला झिडकारले नाही, हे आधी नमूद करतो. मात्र दोन प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे मला देता आली नाहीत. पहिला प्रश्न असा, की कासवे वर्षातून दोन-तीन महिने येतात, मग उरलेल्या नऊ महिन्यांत लोकांनी अंधारात बागेत बसायचे काय? दुसरा असा, की अंडी तशीही उचलून कुंपणात नेतात, मग भिंतीने आणि झाडांनी नेमके काय बिघडते? दोन्ही प्रश्न मला अगदीच गैर वाटले नाहीत.

आमच्या शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांधीत सारस घरटे करतो, तेव्हा ते घरटे शेतकऱ्याला दिवसा डोळ्यांसमोर दिसते आणि त्याला वळसा घालून काम करता येते. आमचे मासेमारी करणारे ढीवर बांधवही तलावातील कासव कोणत्या पाळीला अंडी घालते ते बोटाने दाखवतात. समुद्रकासवाचे तसे नाही. आम्ही नकाशा काढला तो दिवसा, जागा मोजली ती दिवसा, आणि जिच्यामुळे तो बदलायला हवा ती मादी रात्री येऊन रात्रीच निघून जाते. नकाशातल्या कुठल्याच रेषेला तिची दखल नाही.

म्हणून जाणकारांनी कृपया सांगावे, की भिंत अजिबात नसावी की मागे सरकवून चालेल. दिवे कोणत्या प्रकारचे, किती उंचीचे व कोणत्या दिशेला असावेत. सुरूऐवजी किनाऱ्यावर कोणती झाडे लावावीत. आणि काम कोणत्या महिन्यांत करावे. परवानगीची जबाबदारी पोटकंत्राटदारावर येते काय, हेही कळल्यास बरे होईल. सुधारित नकाशा पाठवण्यासाठी मला पंधरा दिवसांची मुदत मिळाली आहे.

— धानपट्टा

प्रतिसाद १ — खाडीकाठ

धानपट्टा यांस नमस्कार. आमचे घर दापोली तालुक्यात आहे आणि काही हंगाम मी कासवमित्रांसोबत पहाटेची गस्त घातली आहे, त्या अनुभवावर लिहितो.

आधी कागदाचे, कारण ते सर्वांत लवकर आटोपते. किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०१९ च्या अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संरक्षित अशा ‘एक-अ’ वर्गात मोडतात आणि तेथे पक्क्या बांधकामाला जवळपास वाव नाही. तुमच्या किनाऱ्याचा वर्ग कोणता लागला आहे, हे मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर पाहा आणि परवानगीची प्रत कंत्राटदारांकडे लेखी मागा. दुसरे असे, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे आणि ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी वा घरटी विस्कटणेही येते. फावडे ज्याच्या हातात असेल त्याला ‘मी केवळ पोटकंत्राटदार आहे’ असे म्हणून सुटता येईल, असे मला वाटत नाही. वन विभागाच्या कांदळवन कक्षाला आणि त्या गावच्या कासवमित्रांना आजच पत्र लिहा.

आता कंत्राटदारांचे प्रश्न. कोकणात माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत येतात आणि शेवटची पिल्ले मे महिन्यात बाहेर पडतात. म्हणजे दोन-तीन नव्हे, सहा-सात महिने झाले. उरलेल्यांपैकी चार महिने पाऊस असतो आणि त्या दिवसांत आमच्या पुळणीवर रात्री बसायला कुणी येत नाही. पर्यटकांचा हंगाम आणि कासवांचा हंगाम एकच आहे, त्यामुळे ‘विणीच्या काळात दिवे बंद ठेवू’ या आश्वासनावर उद्यान उभारले तर ते आश्वासन पहिल्या डिसेंबरातच मोडते, हे मी पाहिलेले आहे.

अंडी कुंपणात नेतात हे खरे. पण ती नेण्यासाठी मादीने आधी वर येऊन घालावी लागतात. भिंतीला डोके टेकले किंवा उजेड दिसला, तर ती अंडी न घालताच पाण्यात परतते. शिवाय प्रत्येक घरटे गस्तीत सापडत नाही. भिंतीचा दुसरा दोष वर्षा-दोन वर्षांनी कळतो. तिच्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते, पुळण अरुंद होत जाते आणि मग कासवांनाही जागा उरत नाही आणि तुमच्या पायऱ्यांनाही. म्हणून भिंत मागे सरकवण्यापेक्षा ती काढूनच टाकावी आणि उद्यान पुळणीच्या मागे, पक्क्या जमिनीवर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उद्यानाची पाठ समुद्राकडे असली तरी कुणाचे काही जात नाही. लोक समुद्र पाहायला चार पावले चालत जातील.

सुरूबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. पुळणीमागे दाट काळी झाडी असणे पिल्लांच्या हिताचेच आहे, कारण ती गावाचा उजेड अडवते. दोष झाडाचा नसून जागेचा आहे. भरतीच्या रेषेजवळ सुरू लावला की मुळांचे जाळे आणि सुयांसारख्या पाल्याचा थर यांमुळे मादीला उकरायला मोकळी वाळू उरत नाही. ओडिशा आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर वादळ व त्सुनामीनंतर झालेल्या सुरू-लागवडीवर हाच आक्षेप घेतला गेला. पुळणीवर मुळीच काही लावू नका. तेथे मर्यादवेल आपोआप पसरते, ती वाळू धरून ठेवते, तिला फक्त तुडवू देऊ नका. मागच्या पक्क्या जमिनीवर उंडी, करंज, भेंडी (भाजीची नव्हे, झाड), केवडा आणि निर्गुडी यांची दाट पट्टी करा.

काम जून उजाडण्यापूर्वी सुरू करू नये आणि ऑक्टोबरअखेर यंत्रे, खडी, दोऱ्या, सगळे उचलून न्यावे. ट्रॅक्टर पुळणीवर कधीच आणू नये. त्याच्या चाकोरीत पडलेले पिल्लू बाहेर निघत नाही.

आणखी एक. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली, म्हणजे पूर्व किनाऱ्यावरची मादीही येथे येऊ शकते. कंत्राटदार कोकणातली कासवे मूठभरच आहेत असे म्हणाले, तर त्यांना हे जरूर सांगा.

प्रतिसाद २ — वरोऱ्याचा वायरमन

दिव्यांपुरते लिहितो. दुकानदार ‘वॉर्म व्हाइट’ म्हणून जो दिवा देतात तो पिवळट दिसत असला तरी त्यात निळा प्रकाश असतोच, त्यामुळे तो येथे चालणार नाही. पांढऱ्या दिव्याला पिवळा कागद लावण्याचाही उपयोग नाही. मूळचाच अंबर किंवा लाल एलईडी मागवा आणि माहितीपत्रकात तरंगलांबी ५६० नॅनोमीटरपेक्षा अधिक आहे याची खात्री करून घ्या. खांब नकोतच, वाटेच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीचे, वरून झाकलेले आणि समुद्राच्या बाजूने पूर्ण बंद असे दिवे बसवा. सर्व जोडणी झाल्यावर रात्री पुळणीवर पालथे झोपा आणि कासवाच्या डोळ्याच्या उंचीवरून पाहा. जो दिवा दिसेल तो चुकीचा बसला आहे असे समजून हलवा.

धानपट्टा

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. ‘उद्यानाची पाठ समुद्राकडे’ हे वाक्य मी तसेच पत्रात लिहिले आहे. भिंत, पायऱ्या आणि हिरवळ वगळून सुधारित नकाशा तयार केला असून परवानगीची प्रत मिळेपर्यंत माझ्याकडून एकही मजूर जाणार नाही, असेही कळवले आहे. दिव्यांचा बदल कंत्राटदारांनी मान्य केला. भिंतीबाबत ते अद्याप काही बोलत नाहीत. भिंत राहिली तर काम सोडावे लागेल आणि त्यात माझे पिशव्यांचे, खताचे व मजुरीचे पैसे बुडतील, हे घरी सांगून झाले आहे.

आता केवळ एक शंका उरली आहे. करंज आमच्या नाल्यांच्या काठी भरपूर असून माझ्याकडे त्याची दोन वर्षांची रोपे तयार आहेत. ती भंडाऱ्याहून नेली तर खाऱ्या वाऱ्यात तग धरतील, की बी तिकडचेच घेऊन तिकडेच रोपे करावीत? उंडीचे बी मात्र मला इकडे मिळणार नाही. रत्नागिरी परिसरात ते कोणत्या महिन्यात गोळा करता येते, हे खाडीकाठ यांनी कळवल्यास मी स्वतः येऊन नेईन.

आणि सुरूची सहाशे रोपे आहेतच. पवनी, लाखांदूर किंवा ब्रह्मपुरी भागातील कुणाला शेताच्या धुऱ्यावर वारा अडवण्यासाठी हवी असतील, तर पिशवीच्या खर्चात देईन. गाडी मात्र आपली आणावी.